स्वादुपिंड, कॅडमियम आणि मेटॅलोथायोनिन: संरक्षण नेमके कसे होते आणि ते प्रयोगात कसे दाखवावे?

प्रयोगवही – प्रश्न

पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय ठरतो आहे: धातूंना बांधणारी प्रथिने, मुख्यतः मेटॅलोथायोनिन, स्वादुपिंडाच्या बीटा पेशींना (इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना) कॅडमियम या विषारी धातूपासून कशी वाचवतात. ढोबळ कल्पना आहे की या प्रथिनात सिस्टीन भरपूर असते, सिस्टीनमधला गंधक धातूला पकडतो आणि पेशी वाचते. पण तीन गोष्टी नीट कळत नाहीत.

पहिली: कॅडमियमचा विषय निघाला की यकृत आणि मूत्रपिंडच पुढे येतात. मग स्वादुपिंडाला वेगळे संरक्षण लागण्याचे कारण काय?

दुसरी: आराखडा असा आहे. आयएनएस-१ पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रॅटच्या बीटा पेशी) २४ तास झिंक, म्हणजे जस्त, क्लोराइड द्यायचे, त्याने मेटॅलोथायोनिन वाढेल, मग कॅडमियम क्लोराइड द्यायचे आणि एमटीटी चाचणीने (जिवंत पेशी ज्याचा रंग बदलतात अशा रसायनाने) जगलेल्या पेशी मोजायच्या. झिंक दिलेल्या पेशी जास्त जगल्या, तर ‘मेटॅलोथायोनिनने वाचवले’ असे म्हणता येईल का?

तिसरी: जस्त दिल्याने हे प्रथिन वाढत असेल, तर जस्ताच्या गोळ्या घेऊन माणसाचे स्वादुपिंड सुरक्षित होते असे म्हणायला आधार आहे का? प्रबंधाच्या शेवटच्या भागात याबद्दल काहीतरी लिहावे लागणार आहे.

धातुवेध – उत्तर

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर पक्के असेल तर प्रयोगाची मांडणी आपोआप सुधारते.

मेटॅलोथायोनिन १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियम धरून ठेवणारे प्रथिन म्हणून सापडले, म्हणून सगळी चर्चा मूत्रपिंडाभोवती फिरत राहिली. रेणू छोटा आहे. माणसातल्या पहिल्या दोन प्रकारांत साधारण ६१ अमिनो आम्ले आणि त्यातली २० सिस्टीन, म्हणजे जवळजवळ दर तिसरे. वजन धातूशिवाय ६ किलोडाल्टनच्या थोडे वर. रेणूचे दोन गोळे असतात: अल्फा भागात ११ सिस्टीन मिळून ४ धातू-आयन धरतात, बीटा भागात ९ सिस्टीन मिळून ३. एकूण ७ जस्ताचे किंवा ७ कॅडमियमचे आयन. एकभारी तांबे असेल तर १२ पर्यंत. अल्फा भागाची कॅडमियमवरची पकड जास्त घट्ट असते, बीटा भागातून धातूची देवाणघेवाण सहज होते.

ही देवाणघेवाणच मुद्द्याची आहे. निरोगी पेशीत मेटॅलोथायोनिनवर मुख्यतः जस्त बसलेले असते. कॅडमियमची गंधकाशी जवळीक जस्तापेक्षा खूप जास्त, त्यामुळे कॅडमियम आले की जस्ताला उठवून ते त्या जागी बसते. सुटलेले जस्त एमटीएफ-१ या नियंत्रक प्रथिनाला जाऊन लागते. ते जनुकांच्या पुढच्या धातू-प्रतिसादी तुकड्यांवर बसते आणि आणखी मेटॅलोथायोनिन तयार व्हायला लागते. कॅडमियम एमटीएफ-१ ला थेट चालू करत नाही, मधला दूत जस्त असतो. म्हणूनच जस्ताची अतिशय कमतरता असलेल्या पेशीत हा बचाव उशिरा आणि अपुरा उभा राहतो.

आता स्वादुपिंड. बीटा पेशीत जस्त ठासून भरलेले असते. इन्शुलिनचे सहा रेणू दोन जस्त-आयनांभोवती एकत्र येऊन साठतात, आणि झेडएनटी-८ हा वाहक त्या कणिकांमध्ये जस्त भरत राहतो. एवढे जस्त आत घेणाऱ्या पेशीला आत घेण्याची दारेही भरपूर लागतात: झिप कुळातले वाहक, कॅल्शियमचे मार्ग. कॅडमियम याच दारांनी घुसते. झिप-८ आणि झिप-१४ तर कॅडमियमला चांगलेच आत घेतात. मानवी दात्यांच्या स्वादुपिंडातल्या बेटांमध्येही (बीटा पेशी असलेल्या पुंजक्यांमध्येही) कॅडमियम साठलेले आढळले आहे. म्हणजे ही नुसती बशीतल्या पेशींची गोष्ट नाही.

दुसरी बाजू अशी की बीटा पेशीत कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही पेरॉक्साइड मोडणारी विकरे इतर ऊतींच्या मानाने फारच कमी असतात. कॅडमियम स्वतः ऑक्सिडीकरण-क्षपण करत नाही, पण ग्लुटाथायोन (ताण झेलणारा छोटा गंधकयुक्त रेणू) अडवून आणि मायटोकाँड्रियाच्या कामात खोडा घालून ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवते. यकृताची पेशी जो ताण सहज पचवते तो बीटा पेशीला जड जातो. म्हणून मेटॅलोथायोनिनवर इथे दुहेरी भार पडतो: धातू बांधणे आणि मुक्त मूलक शोषणे. उंदरांच्या फक्त बीटा पेशींत मेटॅलोथायोनिन वाढवले, तर स्ट्रेप्टोझोटोसिन या बीटा पेशी मारणाऱ्या रसायनाने होणारी डीएनएची मोडतोड आणि मधुमेह दोन्ही कमी होतात. स्ट्रेप्टोझोटोसिन धातू नाही, त्यामुळे हा परिणाम मूलकांशी जोडलेला मानावा लागतो. कॅडमियमच्या प्रयोगात ही दोन कामे वेगळी काढणे अवघड आहे, हे आताच लक्षात ठेवा.

पेशीपारखी – उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही, या मांडणीतून तो निष्कर्ष काढता येणार नाही. आणि एक अडचण त्याहूनही आधीची आहे.

आयएनएस-१ चे माध्यम बघा. आरपीएमआय-१६४०, ११.१ मिलिमोलर ग्लुकोज, १० टक्के सीरम, १० मिलिमोलर हेपेस, २ मिलिमोलर ग्लुटामीन, १ मिलिमोलर पायरुवेट आणि ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉल. हे शेवटचे नाव वाचून थांबायला हवे. मर्कॅप्टोइथेनॉल हा थायोल (गंधक-हायड्रोजनचा गट असलेला रेणू) आहे, कॅडमियमला बांधतो. ५ मायक्रोमोलर कॅडमियम टाकले आणि त्याच माध्यमात ५० मायक्रोमोलर थायोल असेल, तर पेशीपर्यंत नेमके किती पोचले हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय मर्कॅप्टोइथेनॉल हवेत हळूहळू ऑक्सिडाइझ होते, म्हणून ताजे माध्यम आणि आठवडाभर जुने माध्यम वेगळे आकडे देतात. ‘त्याच मात्रेला एकदा निम्म्या पेशी मेल्या, एकदा काहीच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

यावर उपाय: कॅडमियम देण्याच्या काळापुरते मर्कॅप्टोइथेनॉल वगळा, आणि तेवढाच वेळ ते वगळलेल्या पण कॅडमियम न दिलेल्या पेशी नियंत्रण म्हणून ठेवा. या पेशी त्याशिवाय फार दिवस तगत नाहीत, २४ तासांपुरते बहुतेक चालते. मिन-६ या दुसऱ्या बीटा पेशींच्या माध्यमातही ते असते. रिन-एम५एफ पेशी त्याशिवाय वाढतात, पण त्यांचा ग्लुकोजला प्रतिसाद फारच क्षीण, त्यामुळे पुढे इन्शुलिन मोजायचे असेल तर त्या निवडू नका.

सीरमही कॅडमियम बांधते, मुख्यतः अल्ब्युमिनमुळे. पूर्ण प्रकल्पभर एकाच तुकडीचे सीरम वापरा, आणि कॅडमियमच्या काळात १ ते २ टक्क्यांवर आणता आले तर आणा. दुसऱ्याच्या शोधनिबंधातली मात्रा उचलू नका. ०, ०.१, ०.३, १, ३, १० आणि ३० मायक्रोमोलर असा स्वतःचा मात्रा-आलेख २४ आणि ४८ तासांना काढा. संरक्षण दाखवायचे तर उताराच्या मधली मात्रा हवी. सगळ्या पेशी मारणाऱ्या मात्रेवर कोणतेही प्रथिन वाचवू शकत नाही आणि अगदी कमी मात्रेवर वाचवण्यासारखे काही उरत नाही.

साठ्याचे द्रावण करताना बाटलीवरचे वजन वाचा. निर्जल कॅडमियम क्लोराइडचे रेणुभार १८३.३, अडीच पाण्याच्या स्फटिकांचे २२८.४. १० मिलिमोलरसाठी पहिले प्रति मिलिलिटर १.८३ मिलिग्रॅम, दुसरे २.२८ मिलिग्रॅम. स्फटिक वापरून निर्जलाचा आकडा धरला तर द्रावण २० टक्के पातळ होते. द्रावण अतिशुद्ध पाण्यात करा, फॉस्फेट बफरमध्ये नाही, कारण कॅडमियम फॉस्फेट खाली बसते आणि वरून निरखूनही दिसत नाही. कॅडमियम हे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पहिल्या गटात आहे. पूड तोलताना धूर ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), नायट्राइलचे हातमोजे घालून, आणि उरलेले माध्यम नळात न ओतता धातूच्या कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात.

झिंकच्या पूर्वउपचारातली चूक आणखी सूक्ष्म आहे. झिंक देऊन नीट धुतले नाही, तर बाहेर उरलेले झिंक त्याच झिप वाहकांवर कॅडमियमशी स्पर्धा करते. कॅडमियम आतच कमी शिरते आणि पेशी जगतात. त्यात मेटॅलोथायोनिनचा काही हात नाही, पण एमटीटीत आकडा हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून पेशींतले कॅडमियम मोजणे अनिवार्य आहे. आतले कॅडमियम कमी आणि पेशी जिवंत, तर तुम्ही प्रवेश अडवला. आतले कॅडमियम तेवढेच किंवा जास्तच आणि तरी पेशी जिवंत, तर ते कुठेतरी बांधून ठेवलेले आहे. तुमच्या सगळ्या प्रबंधाचे वजन या एका तुलनेवर आहे.

झिंक ५० आणि १०० मायक्रोमोलर, २४ तास. मग दोनदा धुवा, झिंक नसलेल्या माध्यमात २ तास ठेवा, त्यानंतर कॅडमियम. झिंकचा स्वतःचा विषारी परिणाम वेगळ्या ओळीत तपासा. सीरम कमी केले की झिंकही लवकर मारक होते, कारण तेही अल्ब्युमिनवरच बांधलेले असते.

झिंकऐवजी डेक्सामेथासोन देऊन मेटॅलोथायोनिन वाढवण्याचा मोह होईल, कारण त्यात धातूची भानगड नाही. बीटा पेशीत ते टाळा. त्यासारखी ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधे इन्शुलिनचा स्राव स्वतःच दाबतात.

प्रयोगवही

दोघांचेही खूप आभार. मर्कॅप्टोइथेनॉलकडे लक्षच गेले नव्हते. आता प्रश्न मोजण्याचा. आमच्याकडे वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखायला), क्यूपीसीआर (आरएनए मोजायला) आणि दुसऱ्या विभागात आयसीपी-एमएस (धातू मोजायला) आहे. मेटॅलोथायोनिनचा ब्लॉट करून पाहिला तेव्हा ७ किलोडाल्टनजवळ काहीच आले नाही, १५ ते २५ च्या मध्ये पसरट धब्बा आला. प्रतिपिंड खराब आहे का? आणि झिंकमुळे इतर काही बदलले नाही, मेटॅलोथायोनिनच कारण आहे, हे कसे सिद्ध करावे?

सिस्टीन_वीस – उत्तर

प्रतिपिंड बहुधा ठीक आहे. २० सिस्टीन असलेले प्रथिन हवेत उघडे राहिले की रेणू एकमेकांना डायसल्फाइडने जोडले जातात, आणि जोड्या-तिकड्या वर दिसतात. पेशी फोडायच्या बफरमधून नायट्रोजन सोडून प्राणवायू काढा, काम बर्फावर करा, नमुना भरताना डायथायोथ्रिटॉल (डायसल्फाइड तोडणारा थायोल) भरपूर घाला आणि त्यानंतर आयोडोअसेटामाइडने सिस्टीन झाकून टाका, म्हणजे जेलमध्ये पुन्हा जोडणी होणार नाही. मोकळे डायथायोथ्रिटॉलही आयोडोअसेटामाइड खाते, म्हणून आयोडोअसेटामाइडचे प्रमाण एकूण थायोलच्या दुपटीहून जास्त ठेवा आणि ही पायरी अंधारात करा. झाकलेले प्रथिन थोडे वर धावते, त्याने गोंधळू नका. तुमचे प्रतिपिंड झाकलेल्या प्रथिनाला ओळखते का, ते शुद्ध नमुन्यावर आधी पाहून घ्या.

दुसरे, एवढे छोटे प्रथिन ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून आरपार निघून जाते. ०.२ मायक्रॉनचे पीव्हीडीएफ पटल घ्या, स्थलांतराचा वेळ कमी ठेवा आणि स्थलांतरानंतर पटल २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये भिजवून प्रथिन पक्के करा. नंतर ग्लुटाराल्डिहाइडचे उरलेले गट अमिनोइथेनॉल किंवा ग्लायसीनने बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळे पटल काळे येईल.

शुद्ध केलेल्या मेटॅलोथायोनिनचे प्रमाण २८० नॅनोमीटरवर मोजू नका. यात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही, त्यामुळे तिथे जवळपास शून्य येते. कॅडमियम बसलेल्या रेणूचा खांदा २५० नॅनोमीटरच्या आसपास दिसतो, जस्ताचा त्याहून खाली २२० च्या भागात. बीसीए चाचणीही फसवते, कारण ती तांब्याच्या क्षपणावर चालते आणि थायोल तेच करतात.

या प्रथिनाचा एक गुण मात्र कामी येतो: ते उष्णतेला टिकते. पेशींचा द्रव ९५ अंशांवर ५ ते १० मिनिटे ठेवून जोरात फिरवला की बाकीची बहुतेक प्रथिने गोठून तळाला जातात आणि मेटॅलोथायोनिन वरच्या द्रवात राहते. कॅडमियम-हिमोग्लोबिन चाचणी याच तत्त्वावर आहे. नमुन्यात जादा कॅडमियम घालायचे, सगळ्या जागा कॅडमियमने भरू द्यायच्या, उरलेले कॅडमियम हिमोग्लोबिनला बांधून उकळून गोठवायचे, आणि द्रवात राहिलेले कॅडमियम मोजायचे. जिथे किरणोत्सारी कॅडमियम-१०९ वापरत नाहीत तिथे साधे कॅडमियम आणि आयसीपी-एमएस चालते. पण इथे बफरमध्ये डायथायोथ्रिटॉल किंवा मर्कॅप्टोइथेनॉल अजिबात नको, तेच कॅडमियम धरून बसतील आणि मेटॅलोथायोनिन फुगवून दाखवतील. म्हणजे ब्लॉटचा नमुना आणि या चाचणीचा नमुना सुरुवातीपासून वेगळाच घ्यायचा.

हिशेब जुळतो का हे पाहायला एक आकडा जवळ ठेवा: १ मायक्रोग्रॅम धातूरहित मेटॅलोथायोनिन पूर्ण भरले तर सुमारे १३० नॅनोग्रॅम कॅडमियम धरते. पेशींतले कॅडमियम आणि मेटॅलोथायोनिन दोन्ही मोजलेत की लगेच कळते की गोदामात जागा शिल्लक आहे की माल बाहेर सांडतो आहे. संरक्षण जिथे अचानक कोसळते ती मात्रा बहुतेक या सांडण्याशी जुळते. माझ्या मते प्रबंधातला सर्वांत चांगला आलेख हाच होईल.

आयसीपी-एमएससाठी: माध्यम काढल्यावर पेशी १ मिलिमोलर ईडीटीए (धातू पकडणारे रसायन) असलेल्या बफरने ५ मिनिटे धुवा, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेले कॅडमियम आत मोजले जाणार नाही. पिवळ्या पिपेट-टोप्या वापरू नका. काही पिवळ्या रंगद्रव्यांत कॅडमियमच असते. पारदर्शक टोप्या, आणि भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात. समस्थानिक १११ घ्या, ११४ वर कथिलाचा अडथळा येतो. १११ वर मॉलिब्डेनम ऑक्साइड येऊ शकते, पेशींत ते थोडेच असते पण कोरे नमुने ठेवाच.

क्यूपीसीआर: छोटा उंदीर (माऊस) आणि मोठा उंदीर (रॅट) यांच्या पेशींत मोजायची जनुके मुख्यतः दोन, काम सोपे. पुढे मानवी बेटांवर जाणार असाल तर गुणसूत्र १६ वर मेटॅलोथायोनिन-१ ची अनेक जवळजवळ सारखी जनुके शेजारी शेजारी आहेत. प्रायमर एकाऐवजी चारांना लागतो. वितळण-आलेख एकच शिखर दाखवेल तरी खात्री धरू नका, उत्पादनाचा क्रम वाचून घ्या. संदेशवाहक आरएनए काही तासांतच उसळी घेतो, प्रथिन नंतर साठते. त्यामुळे आरएनए ६ तासांना आणि प्रथिन २४ तासांना मोजा. दोन्ही एकाच वेळी मोजून ‘जुळत नाही’ म्हणणे बरोबर नाही.

कारण सिद्ध करण्यासाठी: दोन्ही जनुकांवर एकत्र एसआयआरएनए (जनुक दाबणारा छोटा आरएनए), मग झिंक, मग कॅडमियम. एकच जनुक दाबले तर दुसरे त्याची भरपाई करते. प्रथिन जुने साचलेले असते, म्हणून एसआयआरएनए झिंकच्या आधी किमान एक दिवस. संरक्षण नाहीसे झाले आणि आतले कॅडमियम तेवढेच राहिले, तर तुमचा दावा उभा राहतो. एमटीएफ-१ दाबणे हा दुसरा मार्ग, पण त्याने जस्त बाहेर टाकणारा झेडएनटी-१ देखील कमी होतो, मग झिंकच विषारी ठरते. त्याला दुय्यम पुरावाच माना.

ग्लुटाथायोनचा वाटा विसरू नका. कॅडमियम आत येताच पहिल्या तासांत त्याला धरते ते ग्लुटाथायोन, कारण ते मिलिमोलर प्रमाणात आधीपासून हजर असते. मेटॅलोथायोनिन नंतर येऊन ताबा घेते. ब्युथायोनिन सल्फॉक्सिमाइनने ग्लुटाथायोन घटवलेली एक रांग ठेवा. झिंकचे संरक्षण तिथेही टिकले तर ते ग्लुटाथायोनवर अवलंबून नाही एवढे ठामपणे म्हणता येईल.

पेशीपारखी

वरच्यात भर. एमटीटी एकट्यावर ठेवू नका. थायोल एमटीटीला थेट क्षपित करू शकतात, आणि तुम्ही नेमके थायोलच वाढवत आहात. एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारे विकर) गळती किंवा डीएनए मोजणी जोडीला घ्या.

चमकणाऱ्या रंगांबाबत तर जास्तच जपा. फ्लुओझिन-३ या जस्त दाखवणाऱ्या रंगाने ‘जस्त वाढले’ दिसते तेव्हा कदाचित कॅडमियमच चमकत असते. फुरा-२ कॅल्शियमसाठी असले तरी कॅडमियमला जास्त घट्ट बांधते. बीटा पेशीत कॅल्शियम हाच इन्शुलिन सोडण्याचा इशारा, म्हणून अनेकजण कॅडमियम दिल्यावर फुरा-२ ने मोजायला जातात आणि धातूच्या प्रवेशालाच कॅल्शियमची लाट समजतात. शेवटी टीपीईएन घालून पाहा. ते जड धातू काढते, कॅल्शियमला फारसे हात लावत नाही. चमक कोसळली तर ते कॅल्शियम नव्हते.

इन्शुलिन-स्राव मोजताना कॅडमियम पूर्ण धुऊन काढा. बाहेर राहिलेले कॅडमियम कॅल्शियमचे मार्ग थेट बंद करते. स्राव घटतो, पण ते पेशीचे नुकसान नव्हे. २.८ आणि १६.७ मिलिमोलर ग्लुकोज, प्रत्येकी १ तास, आणि एक रांग ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडची. पोटॅशियमला प्रतिसाद शाबूत आणि ग्लुकोजला नाही, तर बिघाड चयापचयात किंवा मायटोकाँड्रियात शोधा. दोन्ही नाहीत, तर मार्ग, कणिका किंवा पेशीच गेली. आकडे पेशींतल्या एकूण इन्शुलिनवर भागून द्या.

अंतःस्रावी – उत्तर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, आणि पहिल्याबद्दलही थोडे, कारण आतापर्यंत सगळे बीटा पेशींवरच बोलले.

स्वादुपिंडाचा मोठा हिस्सा पाचक रस बनवणाऱ्या अ‍ॅसिनर पेशींचा आहे, बेटे एक-दोन टक्केच. शरीरातले जादा जस्त आतड्यात टाकण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे हा पाचक रस, आणि जस्त वाढले की अ‍ॅसिनर पेशींत मेटॅलोथायोनिन मोठ्या प्रमाणात तयार होते. मेटॅलोथायोनिनची दोन मुख्य जनुके काढलेल्या उंदरांना जास्त जस्त दिले, तर अ‍ॅसिनर पेशींची हानी जास्त होते. हे प्रबंधात यायला हवे: बचाव कॅडमियमपुरता नाही, जस्त हा जीवनावश्यक धातूही जादा झाला की याच पेशींना बाधतो.

पण ‘संरक्षण’ हा शब्द जपून वापरा. मेटॅलोथायोनिन कॅडमियम नष्ट करत नाही, ते बंदिस्त करते. बांधलेले कॅडमियम पेशीत राहतेच. मूत्रपिंडात कॅडमियमचा अर्धायुकाळ १० ते ३० वर्षांचा धरतात, त्यामागे हेच बंदिस्त होणे आहे. यकृतातून सुटलेला कॅडमियम-मेटॅलोथायोनिनचा रेणू छोटा असल्याने मूत्रपिंडात गाळला जातो, नलिकेच्या पेशी तो परत शोषतात, लायसोसोममध्ये प्रथिन मोडते आणि मोकळे कॅडमियम तिथेच सुटते. म्हणून कॅडमियम-मेटॅलोथायोनिन टोचलेल्या प्राण्यात मूत्रपिंडाची इजा साध्या कॅडमियम क्षारापेक्षा जास्त होते. यकृताला जे वाचवते तेच मूत्रपिंडाला भोवते. बीटा पेशी क्वचितच विभागतात, त्यामुळे तिथेही साठलेला माल वाटून पातळ होत नाही.

बीटा पेशीत आणखी एक किंमत आहे. उंदरांत मेटॅलोथायोनिन-१ वाढवले की ग्लुकोजला मिळणारा इन्शुलिनचा प्रतिसाद मंदावतो, ते नसले की वाढतो, असे निष्कर्ष आहेत. म्हणून झिंक दिलेल्या, कॅडमियम न दिलेल्या पेशींचाही स्राव मोजा. पेशी जगली पण ग्लुकोज ओळखेनाशी झाली, तर रुग्णाच्या दृष्टीने फार काही साधले नाही.

सगळे धातूही एकाच साच्यात बसत नाहीत. असेंद्रिय पारा मेटॅलोथायोनिनला फार घट्ट बांधतो. मिथाइल पाऱ्याचे तसे नाही, त्याचा एकच हात मोकळा असतो आणि तो मुख्यतः ग्लुटाथायोन व साध्या सिस्टीनबरोबर फिरतो. त्रिसंयुजी आर्सेनिक बांधले जाते, एका रेणूला सहापर्यंत. शिशासाठी पेशीत इतर प्रथिनेही आहेत, तरी मेटॅलोथायोनिन नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात शिशाच्या त्या ओळखीच्या गाठी तयार होत नाहीत. लोह वेगळेच, त्याला फेरिटिन साठवते. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये (शरीरात लोह साठत जाण्याच्या रोगात) बीटा पेशी लोहाने खराब होऊन मधुमेह होतो, तिथे मेटॅलोथायोनिनकडून अपेक्षा ठेवू नका. ‘जड धातू’ असे सरसकट लिहिले तर परीक्षक इथेच पकडतील.

आता जस्ताच्या गोळ्या. कॅडमियमपासून स्वादुपिंड वाचवण्यासाठी माणसाला जस्त द्यावे, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि तसे लिहू नका. पेशींना दिलेले १०० मायक्रोमोलर झिंक रक्तातल्या नेहमीच्या एकूण जस्ताच्या पातळीच्या कित्येक पट आहे. रक्तातले जस्त १० ते २० मायक्रोमोलरच्या घरात असते, तेही बहुतेक बांधलेले. प्रौढासाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा अमेरिकेत मानतात, युरोपात २५. जास्त जस्त दीर्घकाळ घेतले तर आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन वाढते, ते तांब्याला धरून ठेवते, आणि त्या पेशी गळून पडतात तेव्हा तांबेही बाहेर जाते. विल्सन रोगात (शरीरात तांबे साठत जाण्याच्या रोगात) हाच परिणाम उपचार म्हणून वापरतात. निरोगी माणसात त्यातून तांब्याची कमतरता, रक्तक्षय आणि मज्जातंतूंचे विकार होतात.

धातू उतरवणाऱ्या औषधांचाही उल्लेख येईल. जुनाट कॅडमियम साठ्यावर त्यांचा सिद्ध उपयोग नाही, आणि डायमरकॅप्रॉल तर वर्ज्य आहे, कारण ते कॅडमियम मूत्रपिंडाकडे ढकलते. ज्याला खरोखर आधार आहे ते एवढेच: धूम्रपान बंद करणे आणि लोहाची कमतरता भरून काढणे. लोह कमी असले की आतड्यातला लोह आत घेणारा वाहक डीएमटी-१ वाढतो आणि त्याच वाटेने कॅडमियमचे शोषणही वाढते. एरवी खाण्यातल्या कॅडमियमपैकी साधारण ५ टक्केच शोषले जाते, श्वासावाटे आलेल्यापैकी १० ते ५० टक्के.

प्रयोगवही

मांडणी अशी बदलतो: मर्कॅप्टोइथेनॉलशिवाय ७ मात्रांचा आलेख, मग उताराच्या मधली एक मात्रा. चार मुख्य गट: नियंत्रण, फक्त झिंक, फक्त कॅडमियम, झिंक धुऊन कॅडमियम. हेच चार गट दोन्ही जनुकांच्या एसआयआरएनएसह आणि निरर्थक एसआयआरएनएसह. प्रत्येकात आतले कॅडमियम, मेटॅलोथायोनिन, एलडीएच आणि स्राव. ग्लुटाथायोनची रांग वेगळी. काही सुटले का?

सिस्टीन_वीस

दोन गोष्टी. एक, आतले जस्तही त्याच आयसीपी-एमएस फेरीत मोजा, नमुना तोच आहे. कॅडमियमने जस्त मेटॅलोथायोनिनवरून उठवले की नाही हे त्यावरून कळायला मदत होते. दोन, एका मात्रेसाठी तरी कॅडमियम कुठे बसले आहे ते पाहा. पेशींचा द्रव १,००,००० जी बलावर (गुरुत्वाच्या लाख पट) ६० मिनिटे फिरवा, वरचा द्रव आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या सेफाडेक्स जी-७५ च्या स्तंभातून सोडा आणि प्रत्येक अंशातले कॅडमियम मोजा. मेटॅलोथायोनिन लांबट असल्याने १० किलोडाल्टनच्या आसपास उतरते, ६ वर शोधू नका. फक्त कॅडमियमच्या गटात मोठा वाटा जड प्रथिनांच्या अंशात आणि झिंकच्या गटात तो १० च्या शिखराकडे सरकलेला दिसला, तर एसआयआरएनएच्या निकालाला हा स्वतंत्र आधार मिळतो. स्तंभ आधी थोड्या मेटॅलोथायोनिनने भरून धुऊन घ्या, कोऱ्या स्तंभावर पहिल्या फेरीत कॅडमियम चिकटून राहते आणि वसुली कमी येते. एकूण वसुली ८५ टक्क्यांखाली आली तर ती फेरी धरू नका.